हिरवी साडी आणि तीन हरणं

हरणांचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. परीक्षेचे शेवटचे दोन महिने नातीला रांधून घालायला आमची मंडळी लातूरला खोली करून राहिली होती. जळकोटजवळ शेतातल्या घरी मी एकटाच. जाताना बायकोनं बजावलं, "माझी चवळी तेवढी जपा. परीक्षा झाली की येऊन माझ्या हातानं शेंगा तोडणार हाय."

आठच दिवसांत हरणांनी चवळीचा एक वाफा खाल्ला. आमच्याकडं शेताभोवती जुन्या साड्या बांधतात; त्या फडफडल्या की जनावर बिचकतं. मीही तिची एक बांधली. सकाळी बघतो तर तीन हरणं साडीलाच खेटून उभी. हाकललं तर चार पावलं मागं सरली आणि परत आली.

भीतभीतच तिला फोन लावला.

"कोणती साडी बांधली?"

"हिरवी. ठिगळाची."

ती हसायलाच लागली. "अहो, उन्हाळाभर तीच नेसून मी त्यांना पाणी ठेवते. तिला कशी भितील? तुम्ही पाणी ठेवता का न्हाई?"

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. लगेच कुंपणाबाहेर पाण्याचं घमेलं भरून ठेवलं.

चार दिवसांनी तिचाच फोन आला. "आता चवळी खातात का?"

"न्हाई. पाणी पितात आन् साडीपाशी उभी राहतात."

"कशाला?"

"मला काय विचारतीस," मी म्हणालो, "मी बी तिथंच उभा असतो."