चारांतली एक

आई : हे कोणाबद्दल लिहिलंयस?

मुलगी : कोणाबद्दल म्हणजे? बाबांबद्दल. संध्याकाळी शोकसभेत वाचायचंय ना.

आई : ‘एक शांत, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व आपल्यातून निघून गेलं.’ शांत? अगं, तो माणूस कुलूप दुरुस्त करताना कुलपाशीही भांडायचा! शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे.

मुलगी : आई, नको ना. सकाळपासून बसलेय. हेच सुचलं.

आई : तुला? शुभेच्छापत्रं लिहून पोट भरतेस तू.

मुलगी : लिहायचे. हल्ली मशीन लिहितं. ते चार ओळी देतं, आम्ही त्यातली एक निवडायची.

आई : आणि चारही नाही आवडल्या तर?

मुलगी : आणखी चार येतात.

आई : कमाल आहे बाई.

मुलगी : आधी खूप भांडले मी. मनाला पटली नाही की ओळ परत पाठवायचे. साहेब म्हणायचे, कारण द्या. मनाला पटत नाही याला काय कारण देणार? शेवटी नाद सोडला. आता कार्डं पडून राहिलीत, सगळी एकसारखी वाटतात म्हणे लोकांना. तर तेच साहेब म्हणतात, मशीन राहू दे, तुमच्या आतून येऊ द्या.

आई : मग चांगलंच झालं की!

मुलगी : येत नाही गं आतून. वाटलं, येईल हळूहळू. पण आज बाबांसाठीसुद्धा येत नाहीये, आई. डोळे मिटले की त्या चार ओळीच दिसतात. बरं झालं, बाबांना यातलं काही कळलं नाही.

आई : कळलं होतं.

मुलगी : कोणी सांगितलं?

आई : कोणी कशाला सांगायला हवं? सारखे त्या कार्डांच्या दुकानात जायचे, तुझं कार्ड शोधायला.

मुलगी : त्यावर आमचं नाव कुठे असतं?

आई : नाव लागायचंच नाही त्यांना. वाचता वाचता मध्येच हसायचे नि म्हणायचे, हे आपल्या पोरीचं. ते निवृत्तीचं, ‘उद्यापासून गजराला सुट्टी, तुम्ही मात्र सवयीने उठालच’, तुझंच ना?

मुलगी : माझंच.

आई : आणि ‘काही बोलू नका, मी नुसती शेजारी बसते’?

मुलगी : तेही.

आई : मागच्या वर्षी एकदा रिकाम्या हाताने परत आले. चपलाही न काढता तसेच बसून राहिले. मी विचारलं, काय झालं हो? तर म्हणाले, ‘सगळं दुकान पालथं घातलं. आपली पोर कुठेच नव्हती गं.’