सांध्यातली खूण

नाय, नाय, मुराद, ‘बघतो चाचा’ नको. साल मला पाठ हाय. दोन हजार चोवीस, भाताची झोडणी उरकलेली, तेव्हा कापड्यातनं टेम्पोत घालून ही राजदूत फटफटी पोलादपुरात तुझ्या दारात आणली. आता पंचवीस साल, पळस फुललाय, आणि माझ्या अंगणात रोज सकाळी इंजिनाखाली तेलाचं थारोळं. ह्याला काम म्हणतोस तू? — चहा नको. चहा पाजून माणूस गप्प करायची रीत मला ठाऊक हाय. इंजिन खोल. माझ्यासमोर खोल. मी ह्या स्टुलावरनं हलणार नाय.

स्वस्तात कर म्हणालो, हे खरं. पिस्टन जुना चालेल म्हणालो. तर तू काय म्हणालास? मागं अब्बांची राजदूत पडलीय, तिचा घालतो, पैसे नकोत. नकोत? का नकोत? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एका हातानं फुकट देणारा दुसऱ्या हातानं काय काढून घेतो, ते बघावं लागतं. माझ्या इंजिनाचे मूळचे चेंबर, कवचाची दोन्ही अर्धुकं — ते जड, जुने, आता मिळत नायत — ते गेले असतील घाटावरच्या कुठल्या हॉटेलवाल्याच्या शोभेच्या गाडीला, आणि मला बसवलेस भंगारातले, तोंडाला तोंड न मिळणारे. म्हणून गळतंय. बोल ना! तुझा बापही असाच, पाना हातात घेतला की मुका. — भला माणूस होता, ते वेगळं.

आमची राहीबाई रोज विचारते, गाडी झाली का वो? वीस मार्चला चवदार तळ्यावर जायचं असतं आम्हाला. लग्न झाल्यापासनं माझ्या मागं बसून जायची ती, पांढरं लुगडं नेसून. गाडी बंद पडली आणि तिचं जाणं बंद पडलं. एसटीची पायरी गुडघ्यांना झेपत नाय. सून म्हणाली, रिक्षा करू. तर म्हणते कशी, जाईन तर ह्यांच्या मागं बसून, नायतर मेणबत्ती घरीच लावीन. गेल्या वर्षी घरीच लावली. हे तुला कशाला सांगतोय मी? तू पाना चालव.

आणि एक ऐक. मला फसवणं सोपं नाय. मागच्या कामाच्या वेळी एका शुक्रवारी तू नमाजाला गेलास, इंजिन उघडं पडलेलं. मला म्हणालास, चाचा, दुकानाकडं लक्ष ठेवा. ठेवलं मी लक्ष — आणि खूणही ठेवली. हां, बघ आता माझ्याकडं! छिन्नी माझ्या पिशवीत असतेच. पन्नास वर्षं दगड घडवले. पाथरवट आपली खूण दर्शनी तोंडावर करत नाय रे. आत करतो, सांध्यात, जिथं दगडाला दगड चिकटतो. भिंत पाडेपर्यंत कुणाला दिसत नाय. तशीच इथं चेंबरच्या सांध्यात केली, दोन आडव्या, एक उभी, चांगली खोल. खूण असली तर माल माझा. नसली तर तू चोर, आणि हे मी भर बाजारात सांगेन. — झालं खोलून? दाव. तेल पूस आधी.

हां. हाय. दोन आडव्या, एक उभी. माझीच. म्हणजे चेंबर माझेच हायत. मग तेल कुठनं —

बोट कशाला फिरवतोस त्याच्यावरनं?

आतल्या कडेपासनं बाहेरच्या कडेपर्यंत. रेघेतनंच ओघळ.

दगडाच्या सांध्यात आम्ही चुना भरतो रे. इथं... इथं मधे कागदाएवढी पातळ पॅकिंग.

हसू नको. — नाय हसत तू. हसला असतास तर बरं झालं असतं.

काच कशाला काढलीस? असं. काचेवर पॉलिश पेपर, पेपरवर चेंबर, आणि घासायचं रेघ जाईपर्यंत. सपाटीचं काम. हे कळतं मला. सावकाश, एका कोपऱ्यावर जोर पडतोय — गेली. तडकली. माझ्या रेघेपायी तुझी काच गेली.

नवी आणू नकोस. झाकून ठेव इंजिन, मी येईपर्यंत हात लावू नकोस. कुठं जातो, ते विचारायचं नाय.

*

धर एक बाजू. पोतं सावकाश सोड, बोटं सांभाळ. काळा फत्तर हाय, आमच्या खाणीचा. वाळू-पाणी घालून दगडावर दगड घासलाय रात्रंदिवस, राहीबाई कुरकुरत होती आवाजानं. कशासाठी ते कळल्यावर पाणी तीच घालत बसली. पट्टी लाव त्याच्यावर. आडवी लाव. तिरकी. खालनं उजेड दिसतो? नाय ना?

काच फुटेल, हा फुटायचा नाय. तुझ्या पोराच्या हातातही टिकेल.

काय शोधतोस उलटापालटा करून? खूण? नाय केली.

काचेचं झालं, पिस्टनचंही झालं. फिटलं. घास आता.