दत्ताच्या फोनवरून नको

प्रोग्राम लिहिणं सोपं हो, गाव सांभाळणं अवघड. आमच्याकडे रेंज नाही, म्हणून निरोप साठवून चुडाव्याला जाणाऱ्याच्या फोनवर चढवणारा प्रोग्राम मी बसवला. तिथं रेंज आली की निरोप पुढे जातो.

शेजारच्या सुमनवहिनी म्हणाल्या, "माझा निरोप दत्ताच्या फोनवरून नको. त्यो आमच्या भावकीतला, बोलणं बंद हाय."

आठ दिवस खपून मी प्रोग्रामला नाव वगळायची जोड लिहिली.

परवा वहिनींच्या विहिरीवरची मोटार जळाली, गहू वाळायला लागला. भावाला धाडलेला निरोप दोन दिवस तसाच पडून, कारण रोज चुडाव्याला जातो एकटा दत्ताच.

तिसऱ्या दिवशी वहिनी त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसून निघालेल्या.

"वहिनी, निरोप चालत नाही आणि तुम्ही चालता?"

"मी कुठं बोलायले त्याच्यासंगं? नुसती बसले."