म्हशीपुरती वाट

(देवणीजवळचं एक रान. बांधावर सुदर्शन, त्याची बायको आरती आणि रानाचे मालक गफूरचाचा. सुदर्शनच्या पावलाला अजून पट्टी आहे.)

सुदर्शन : ...म्हणून म्हणतो, आता दुसरं रान बघणं नाही. घेतलं तर तुमचंच.

गफूर : इथं साप चावला म्हणून?

सुदर्शन : त्यानंतर तुम्ही जे केलंत, म्हणून. पाठीला बांधून मोटारसायकलवर उदगीरला नेलंत मला. तुम्ही नसता तर मी नसतो, चाचा.

आरती : यांना ज्या ओढणीनं तुमच्या पाठीला बांधलं, ती अमीरचाचींची ओढणी धुऊन आणलीय मी. परत द्यायला मन होत नाहीये.

गफूर : ठेवा मग, ताई. तिला दुसऱ्या लई हायत. पण उपकारापायी रान घेऊ नका.

सुदर्शन : उपकारापायी कसं? माती चांगली आहे, सोलर बसेल, दोन गाई ठेवता येतील. उद्या पुण्यात नोकरीचं काहीही होवो, इथं कुणापुढं हात पसरायला नको. विहीरही काठोकाठ आहे.

गफूर : तुम्ही दिवाळीत बघून राहिले. होळी झाली की तळ दिसतो तिचा.

आरती : तळ?

गफूर : हाव.

सुदर्शन : आणि हे तुम्ही सांगताय? रान विकलं तरच उदगीरला जाता येईल म्हणाला होतात.

गफूर : ते हायच. अमीरबीचे गुडघे गेले, लेक उजमा रोज फोन करून बोलावून राहिली. पण तुमाला दवाखान्यात नेलं ते काय इथं आणून तहानलेलं ठेवायला?

आरती : मग उन्हाळ्यात तुम्ही काय करता?

गफूर : शेजारच्या रामलिंगची विहीर हाय. ती आटत न्हाई.

सुदर्शन : पाणी विकत घेता?

गफूर : छ्या. पावसाळ्यात त्याच्या म्हशी माझ्या पडीक रानात चरतात. त्याच्या बापापासून चालू हाय.

आरती : आम्हाला देतील ते?

गफूर : ते मला इकता येत न्हाई, ताई. त्याच्या घरी जा, चहा प्या, इचारा. पण तुम्ही तर चौफेर तार मारणार ना?

सुदर्शन : खांबसुद्धा सांगून ठेवलेत.

गफूर : मंग म्हशी कुठून येतील?

आरती : म्हणजे तार मारली की पाणी बंद.

सुदर्शन : कुणाची गरज लागू नये म्हणून गावोगाव रान बघत फिरलो. खरंच, चाचा, आज पुन्हा वाचवलंत मला.

गफूर : नको वाटलं तर तसं सांगा. माझं तोंड वाकडं होणार न्हाई.

आरती : आधी रामलिंगभाऊंकडं जाऊ. चाचा, तुम्ही येता ना सोबत?

गफूर : येतो की. खाऊ घेऊन चला, तिथं लेकरं हायत.

सुदर्शन : आणि कुंपणात वाट सोडली तर? किती रुंद लागेल?

गफूर : गाभण म्हैस जाईल एवढी.