भिंतीकडं तोंड

मल्हार : आई, ही गेमची मशीन हाय गं! गेम खेळायची असती ती.

मंगल : मग मी कवा म्हटलं नांगर हाय म्हणून? सीडी घातली की पिक्चर दिसतोय. मला तेवढं पुरं.

मल्हार : मी पुण्यात नवी घेतली म्हणून जुनी तुझ्याकडं धाडली. म्हटलं सुट्टीला आलो की शाळेतल्या दोस्ताला, रविराजला बोलवायचं, दोघांनी गाड्यांची रेस लावायची. आता बघतोय तर वर झालर काय, हळदकुंकू काय!

मंगल : दसऱ्याला लावलंय. ट्रॅक्टरला लावत्यात, मग ह्यानंच काय घोडं मारलंय? रविराजला सांग सकाळचं ये. सांजंला हितं वाडी बसती. आज देवाचा पिक्चर लावायचाय, अंबूबाईनं सकाळपासनं सांगून ठिवलंय.

मल्हार : एवढ्या सीड्या कुठनं गोळा केल्यास?

मंगल : आटपाडीच्या बाजारात. एकानं दुकान रिकामं करायला काढलं हुतं. पोतंच्या पोतं उकिरड्यावर निघालं हुतं, म्हटलं आण हिकडं. निम्म्या अडकत्यात. अडकली की पदरानं पुसायची, परत घालायची.

मल्हार : आणि रिमोट?

मंगल : रिमोट कशाला? तुझं ते दोन शिंगांचं हाय की. फुली दाबली की चालू, गोल दाबला की माघारी. बाकीची बटणं उगंच दिल्यात.

मल्हार : ती गेमची हाईत, आई.

मंगल : तेच म्हणते. उगंच.

मल्हार : बरं, पर हा स्पीकर असा कुणी ठिवला? माणसं बसणार हिकडं, सोप्यात. आणि ह्याचं तोंड भिंतीकडं. थांब, फिरवतो.

मंगल : हात लावू नगंस त्याला!

मल्हार : अगं, पल्याड थोरल्या आईचं घर हाय. सगळा आवाज तिच्या डोक्यात जात असंल.

मंगल : तिथंच जायला पायजे.

मल्हार : म्हंजे मुद्दाम ठिवलाईस?

मंगल : मुद्दाम. वाडीतल्या सगळ्या घरांस्नी माझं आवतण हाय, तेवढं एक घर सोडून. हसायचा पिक्चर लागला की मी बायांस्नी सांगते, मोठ्यानं हसा गं, पोटात ठिवू नगा. शालू आक्काला कळू दे, भिंतीच्या ह्या अंगाला माणसं कशी बसत्यात ते. देवानं ही मशीन एवढ्यासाठीच धाडली बघ.

मल्हार : देवानं न्हाई, मी धाडली. कुरिअरनं.

मंगल : तुला तरी बुद्धी कुणी दिली?

मल्हार : आई, आबा आजारी हाईत. श्रावणापासनं खाटंवर पडून हाईत. वाचा गेलीया त्यांची.

मंगल : भाऊसो भावजींशी माझं काय वाकडं न्हाई. देवमाणूस. ते आडवं पडलं तवा मी बी रडले. पर त्यांची बायकू धडधाकट हाय. तिचं कान शाबूत हाईत.

मल्हार : सोनियाताईवर आळ घेतला, त्यावरनंच ना अजून? वीस वर्सं हून गेली त्याला.

मंगल : तुला झाली असतील. मी रोज सकाळी चूल पेटवते आणि तेच आठवते.

मल्हार : मी बी तिथंच हुतो, आई.

मंगल : तू हुतास, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच हातची भाकर खाल्लीस.

मल्हार : दुसरीत हुतो गं. भूक लागली हुती.

मंगल : तुला बोल लावत न्हाई मी. पर बघ की. तुझ्या बाच्या जोडीनं मी मेंढरं घिऊन पाटणच्या अंगाला गेलेली. दोन लेकरं जावंच्या पदरात टाकली, का, तर शाळा बुडू नये. आक्का म्हणाली, जा बिनघोर, माझीच हाईत. आणि संक्रांतीला भाड्यानं टीव्ही आणला, सीडीचं मशीन आणलं, वाडी गोळा केली, आणि सीडी घावंना म्हटल्यावर झडती कुणाची घेतली? वाडीत तीस पोरं हुती. झडती सोनियाची! पाचवीतली पोर. भरल्या सोप्यात तिचं दप्तर पालथं केलं, परकराचा नेफा चाचपला.

मल्हार : ठावं हाय मला.

मंगल : आणि सीडी कुठं निघाली? त्यांच्याच मशीनच्या पोटात! दुकानदारानं काढली, तुझ्या बाला पुढच्या बाजारात सांगितलं. पर आक्कानं वाडीत तोंड उघडलं का? न्हाई उघडलं. पोरी सोनियाच्या शेजारी बसंनात, 'चोरटी' म्हणून हाक मारायच्या. शाळा सुटली ती सुटलीच. मास्तर म्हणायचे ही पोर लय लांब जाईल. गेली कुठं? कवठे महांकाळला, लोकांच्या द्राक्षबागंत, दिवसभर मान वर करून घड सारखं करायला. आणि तू म्हणतूस स्पीकर फिरवतो.

मल्हार : स्पीकरनं ताईचं काय भलं हुणार हाय?

मंगल : भलं करायला लावलाच न्हाई मी तो. एक दिवस ती भिंतीपल्याडची ह्या दारात यील, हात जोडंल, म्हणंल मंगल, डोस्कं फुटतंय, बारीक कर. त्या दिवसाची वाट बघतीया मी.

(दाराची कडी वाजते. शालूबाई उंबऱ्याबाहेर उभी आहे.)

शालूबाई : मंगल.

मंगल : बघ! नाव घ्यायला आणि यायला. काय आक्का, वाट चुकलीस?

मल्हार : थोरली आई, आत ये की.

मंगल : तू गप रं. तिला बाहेरनं बोलता येतंय.

शालूबाई : हितनंच बोलते. मल्हार, कवा आलास?

मल्हार : दुपारच्या एसटीनं.

शालूबाई : वाळलास लय.

मंगल : त्याच्या अंगावरचं मांस मोजायला आलीस व्हय? काय काम हाय ते बोल. आवाज बारीक करायचा, हेच ना?

शालूबाई : न्हाई.

मंगल : लाजू नगंस. झोप लागत न्हाई म्हण, जीव नकोसा झालाय म्हण. एकदा हात जोडून म्हण, मग बघते मी काय करायचं ते.

शालूबाई : आवाज मोठा कर म्हणायला आले.

मंगल : काय?

शालूबाई : दोन रोज तुझा पिक्चर लागला न्हाई.

मंगल : सोनियाकडं गेले हुते मी. मग?

शालूबाई : दोन रोज ह्यांच्या पोटात काय न्हाई.

मल्हार : आबांच्या? म्हंजे, कसं काय?

शालूबाई : खाट भिंतीला लावलीया बाबा. एरवी दातखीळ बसल्यागत तोंड मिटून असत्यात. चमचा लावला की मान फिरवत्यात. पर हिकडनं पिक्चरचा आवाज आला की डोळं उघडत्यात. मारामारी लागली की डावा हात हलतोय. तेवढ्यात मी घास घालते, तेवढ्यात गिळत्यात. दसऱ्यापासनं असंच जगवलंय मी त्यांस्नी.

मल्हार : अगं, मग टीव्ही लावायचा की घरात. मोबाईल लावायचा.

शालूबाई : लावून बघितला. बघत न्हाईत. माणसांचं हसू लागतंय त्यांस्नी, आपल्या वाडीतल्या माणसांचं. अंबूबाई हसली की ह्यांच्या तोंडाची एक कड वर जाती. मी जवळ बसून बोलते, तर माझ्याकडं ढुंकून बघत न्हाईत.

मंगल : त्यांस्नी तरी कळलं एकदाचं तुझ्याकडं किती बघायचं ते!

मल्हार : आई!

शालूबाई : बोलू दे तिला. मंगल, मधली भिंत जाड हाय. बोलणं नीट येत न्हाई, नुसता गोंगाट येतोय. थोडा मोठा केलास तर बरं हुईल. आणि गावाला गेलीस तर कुणाला तरी लावायला सांगून जा.

मंगल : म्हंजे एवढं दिस मी तुझ्या दारात धोंडं टाकतीया, आणि तू त्याचीच चूल मांडून भाकऱ्या भाजतीस?

शालूबाई : तसं म्हण.

मंगल : मल्हार, स्पीकरची वायर काढ.

मल्हार : आई, काय डोकं फिरलं का तुझं?

मंगल : काढ म्हणते ना! आजपासनं वाडी मुका पिक्चर बघंल. हसायचं बी न्हाई कुणी मोठ्यानं.

मल्हार : आबा उपाशी मरतील!

मंगल : माझी लेक घरोघरी चोर म्हणून फिरली तवा हिच्या घरात कोण उपाशी झोपलं हुतं?

शालूबाई : ह्यांचा काय दोष त्यात? ते त्या दिवशी वाडीत बी न्हवते.

मंगल : माझ्या पोरीचा तरी काय दोष हुता? एक कर आक्का. आत्ता फोन लावते सोनियाला. तुझ्या तोंडानं सांग, पोरी तू चोर न्हवतीस. मग मी वायर जोडते. लाव रं मल्हार.

शालूबाई : फोन नगं. तिला सांगितलंय मी.

मंगल : खोटं बोलतीस.

शालूबाई : गेल्या उन्हाळ्यात, हे पडायच्या आधी. तिकडं भाचीचं लगीन हुतं, वाट वाकडी करून तिच्या घरी गेले. सांगितलं तिला, सीडी आमच्याच मशीनमधी निघाली. मला कळलं तवा वाडीम्होरं जाऊन बोलायची छाती झाली न्हाई.

मंगल : आणि ती काय म्हणाली?

शालूबाई : चहा ठिवला तिनं.

मंगल : चहा ठिवला! काय बोलली ते इचारतीया मी.

शालूबाई : ते तू ऐकू नगंस, मंगल.

मंगल : माझ्या लेकीचं बोलणं मी ऐकू नगं? आणि तू कानात साठवून हिंडावंस? बोल!

शालूबाई : म्हणाली, 'थोरली आई, तू चोर म्हटलीस ते मी कवाच इसरले असते. मास्तर दोनदा घरी आलं हुतं, आटपाडीला वसतिगृहात घालतो म्हणत हुतं. पर आईनं दप्तर चुलीत घातलं.'

मंगल : कुणी घातलं?

शालूबाई : तिचं बोलणं हाय. माझं न्हाई.

मंगल : ऐकलंस मल्हार? आता ही आपलं पाप माझ्या पदरात बांधाय निघाली!

मल्हार : आई.

मंगल : आई आई काय करतूस? सांग तिला!

मल्हार : काय सांगू? मी बघत हुतो. दप्तर ओलं हुतं, लवकर पेटंना. तू घासलेट वतलंस. ताईनं हात घालून भूगोलाचं पुस्तक बाहेर वडलं, तू तिच्या हातातनं घिऊन परत आत टाकलंस. म्हणालीस, लोकांच्या दारात ऱ्हाऊन शिकायचं न्हाई, चल मेंढरामागं.

मंगल : मी रागात हुते.

मल्हार : ठावं हाय.

मंगल : रानातनं तीन दिस चालत आले हुते. वाटंत तिघांनी इचारलं, तुझ्या पोरीनं चोरी केली म्हणं. कुठल्या आईचं टाळकं ठिकाणावर ऱ्हाईल?

मल्हार : म्हणून तर कुणी तुला बोललं न्हाई. ताई बी न्हाई, मी बी न्हाई.

मंगल : आत्ता दोन रोज तिच्याकडं ऱ्हायले. माझ्या पायाला तेल लावत बसली हुती. म्हणाली, आई, टाचा लय उलल्यात गं तुझ्या. आणि हे पोटात ठिवून!

शालूबाई : आईला कसं बोलंल?

मंगल : तुला बोलली की.

शालूबाई : मी परकी झाले तिला. परक्याला बोलता येतंय.

मंगल : काडी तू वडलीस, आक्का.

शालूबाई : व्हय. मीच.

मंगल : तू वडली नसतीस, तर मी चुलीपातुर गेले नसते. हे मी सोडणार न्हाई. सरणावर जाईस्तवर सोडणार न्हाई.

शालूबाई : नगं सोडू. सोड म्हणायला मी आलेच न्हाई. मशीन लाव म्हणायला आले.

मल्हार : आई, माणसं यायला लागली बघ. अंबूबाई बोळात दिसती.

मंगल : वायर जोड.

मल्हार : जोडतो. स्पीकर कसा ठिवू?

मंगल : हाय तसाच. भावजींस्नी कुठला आवडतोय गं?

शालूबाई : कुस्तीचा. मधी एकदा लावला हुतास. त्या दिवशी वाटीभर पेज खाल्ली.

मंगल : मल्हार, पोत्यातनं कुस्तीचा काढ. वर लाल पैलवान हाय.

मल्हार : आणि अंबूबाईचा देव?

मंगल : देव उद्या भेटंल तिला. देवाला कुठं घास भरवायचा ऱ्हायलाय.

शालूबाई : जाते मी. पेज निवंल.

मंगल : जा. पातळ कर जरा, घट्ट पेज घशात बसती. आणि हे बघ, ह्या दारात परत उभं ऱ्हायचं कारण न्हाई. मी रोज लावीन. गावाला गेले तर अंबूबाईला शिंगं शिकवून जाईन.

शालूबाई : बरं.

मल्हार : गेली. आई, एकदा आत ये म्हटली असतीस तर काय बिघडलं असतं?

मंगल : माझ्या तोंडातनं निघायचं न्हाई ते. तू म्हण पायजे तर, मी नसताना. सीडी घे. पुसून घाल. आता फुली दाब.

मल्हार : लागला. आवाज किती ठिवू?

मंगल : हुईल तेवढा वाढव. आणि तुझा फोन दे हिकडं, सोनियाचा नंबर लावून. मी मागं, चुलीपाशी जाऊन बोलते.

मल्हार : एवढ्या दंग्यात? थांब की, पिक्चर संपू दे. तुलाच ऐकू यायचं न्हाई.

मंगल : मला ऐकू यील. भिंतीपल्याड गेलं न्हाई म्हंजे झालं.