माणशी दहा

नाही, पण मी म्हणतो, माशाने तरी काही रीत पाळावी की नाही? एकेकट्याने यावं! एक आला, त्याला वर घेतला, जरा दम खाल्ला, कॉफीचा घोट घेतला, मग दुसरा आला... असं शहाण्यासारखं यायला काय जातं त्याचं? पण नाही! टेक्ससमधल्या आमच्या टेक्सोमा धरणातला हा पट्टेवाला बास मासा, आम्ही त्याला स्ट्रायपर म्हणतो, तो येतो तो शाळा सुटल्यासारखा! पाण्याखाली शंभर-दोनशेचा घोळका, सगळ्यांना एकाच वेळी भूक, सगळ्यांना एकाच वेळी घाई, आणि वर बोटीत कोण? मी. एकटा. गळाच्या काठ्या चार, हात दोन! तुम्हाला सांगतो, हा मासा एकट्यादुकट्याच्या कामाचा नाही हो!

तुम्ही म्हणाल, मग डेल, एकटा गेलास कशाला? बरोबर आहे. सगळ्यांनी हेच विचारलं. सगळ्यांना सांगून दमलो, आता तुम्हाला सांगतो.

माझा थोरला भाऊ रॉइस. मार्चमध्ये गेला. म्हणजे कसा गेला? टायरच्या दुकानात बाकावर बसला होता, चाकं बदलून होईपर्यंत. चाकं बदलून झाली, पोराने हाक मारली, "मिस्टर रॉइस, झाली गाडी," आणि हा उठलाच नाही. अडतीस वर्षांचा माणूस! ना आजार, ना औषध, बसला तो बसला. आणि ती गाडी घरी कुणी आणली? मी आणली. चारही टायर नवे कोरे. रस्ताभर इतकी गुळगुळीत चालली ना गाडी... मला तिचा संताप आला.

आणि दफन झाल्यावर लोकांना खायला काय घातलं, माहीत आहे? हॅमचे सँडविच! ज्या माणसाने गावाला वर्षानुवर्षं मासे खाऊ घातले, त्याच्या नावाने डुकराचं मांस, तेही गार! मी एक घास घेतला आणि उठून बाहेर गेलो. मग परवाच्या रविवारी आमचे पास्टर म्हणाले, "शनिवारी दुपारी चर्चच्या अंगणात रॉइसच्या नावाने मासे तळू या. ज्याच्या त्याच्या फ्रीझरमध्ये असतील ते थोडे थोडे आणा." झालं! माझं डोकं फिरलं. मी उभा राहिलो. चर्चमध्ये! प्रार्थना चालू असताना! म्हटलं, "कुणाच्या फ्रीझरमधला शिळा मासा माझ्या भावाच्या नावाने तळायचा नाही! मी आणणार. सगळे मी आणणार. एकटा!"

एकटा म्हणायची काय गरज होती? तोंडातून गेलं. माझ्या तोंडातून गोष्टी अशाच जातात. रॉइस असता तर त्याने शर्ट ओढून खाली बसवलं असतं. या वेळी कुणी ओढलाच नाही, मग बोलतच राहिलो.

बाहेर आल्यावर म्हातारा व्हर्जिल मागे लागला. आमच्या शेजारी राहतो, जन्मभर लोकांना बोटीतून मासेमारीला नेलं, आता गुडघे गेलेत. म्हणाला, "पोरा, मी येतो. मला काय, खुर्चीवर बसून दोन काठ्या बघीन. हा मासा एकट्याचा नाही."

"नको."

"अरे, निदान जाळं धरायला..."

"नको म्हटलं ना, व्हर्जिल!"

लोरेटा वहिनीने संध्याकाळी स्वयंपाकघरात धरलं. "डेल, त्याला ने. बोट उलटवलीस तर मला दुसऱ्यांदा काळे कपडे घालायला लावशील."

आता हिला काय सांगायचं? सुकाणूजवळ रॉइस जिथे उभा राहायचा ना, तिथला रंग उडालाय. दोन बुटांएवढा. मी स्वतः त्या जागेला वळसा घालून जातो, आणि तिथे व्हर्जिलची खुर्ची मांडू? नाही म्हणजे नाही. जाईन तर एकटा.

तर गेलो.

पहिलं काम म्हणजे आमिष. छोटा चंदेरी शॅड मासा पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकून जिवंत पकडायचा. तेवढ्यापुरता रॉइस सुकाणू सोडून पुढे उभा राहायचा, पागाची कड दातात धरायचा, मी इंजिन सांभाळायचो, आणि तो पाग असा सोडायचा की पाण्यावर बरोबर भाकरीसारखा गोल पडायचा. मी फेकला. तो इंजिनावर पडला. परत फेकला. पडला खरा पाण्यात, पण गुंडाळलेल्या सतरंजीसारखा, आणि मी फेकतोय तोवर वाऱ्याने बोट त्या बुडालेल्या सीडरच्या झाडांच्या खोडांत नेऊन घातली, कारण सुकाणूवर कोण होतं? कुणी नव्हतं! मी ओरडलो, "अरे मागे घे, मागे!" आणि मग स्वतःच पळत मागे गेलो आणि स्वतःच मागे घेतली. पळताना पागाच्या कडेची शिशाची माळ दातात तशीच. एक दात अजून हलतोय, बघा.

तरी मिळाले शॅड. ते गोल टाकीत सोडायचे. टाकी गोलच लागते. चौकोनी टाकीत शॅड कोपऱ्यात तोंड खुपसून बसतो, बाहेर यायचं त्याला सुचत नाही, तिथेच गुदमरून मरतो. रॉइस म्हणायचा, "अगदी तुझ्यासारखा!" मी म्हणायचो, "मी कुठे कोपऱ्यात बसतो?" तो गेल्यापासून मी घरात कुठे बसतो, ते वहिनीला विचारा.

मग आमची खोल पाण्यातली जागा. चार काठ्या लावल्या, चार शॅड खाली सोडले, आणि काढला दांडका. झाडूचा दांडा, त्याला खाली कुबडीचं रबर. त्याने बोटीच्या तळावर दणके द्यायचे. दण दण दण... दण दण. खाली माशांना वाटतं वर जेवणावळ बसलीय, आपणच मागे राहिलो. हसू नका, आमच्याकडे सगळे करतात. पण प्रत्येकाचा ठेका वेगळा. रॉइसचा ठेका ऐकला की आजूबाजूच्या बोटी हळूच सरकत जवळ यायच्या. मी तोच ठेका धरला. दण दण दण... दण दण. काही नाही. दण दण दण... हात भरून आले. डॅलसहून आलेल्या हौशी लोकांची एक बोट जवळच होती, गुलाबी टोपीतली एक बाई माझ्याकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "हा दार ठोठावतोय का कुणाचं?"

खरं सांगू? तेच करत होतो.

आणि तेवढ्यात उघडलं! पहिली काठी वाकली. मी धावलो, तर दुसरी वाकली! तिकडे वळलो, तर तिसरी आणि चौथी एकदम, टोकं पाण्यात, रिळं किंचाळतायत कुईंऽऽ! एका हातात एक काठी, दुसरी काखेत, तिसरीवर पाय ठेवला, मासा वर आला, आता त्याला जाळ्यात घ्यायचा, आणि जाळं कुठे? बोटीच्या त्या टोकाला! मी ओरडलो, "जाळं! रॉइस, जाळं घे ना! बघत काय उभा राहिलास?"

डॅलसच्या बोटीतल्या सगळ्यांच्या माना वळल्या.

मी काय करू हो? तोंडातून गेलं. आणि एकदा गेल्यावर मग थांबलोच नाही. "डावीकडे! अरे, दोरा गुंतला! तुझा घे वर, तुझा मोठाय!" सगळी शिवीगाळ, सगळी ओरड, जशी रोजची तशी. एक पाय शॅडच्या टाकीत गेला, तो तसाच ठेवला, काढायला वेळ कुणाला? एक काठी गेली पाण्यात, गेली तर गेली. मासे नुसते येतायत, बर्फाच्या पेटीत धाडधाड आपटतायत, मी घामाने ओला, पाण्याने ओला, आणि तुम्हाला सांगतो... मार्चपासून पहिल्यांदा, म्हणजे तेवढा वेळ, ते जे छातीवर बसलेलं असतं ना, ते नव्हतं.

वीस झाले. वीस झाले की आम्ही थांबतो. रॉइस म्हणायचा, "वीस. काठ्या उचल." मी उचलल्या. शेवटच्या काठीवर आणखी एक आला होता, चांगला जाडजूड, तो मी सोडून दिला. स्वतःच्या हाताने! कायदा म्हणजे कायदा. डॅलसच्या बाईला ओरडून सांगितलंसुद्धा, "वीस झाले! आता एकही नाही!" इतका प्रामाणिक माणूस मी.

आणि आल्या की मासेमारीचे नियम तपासणाऱ्या वॉर्डन प्रुइट बाई, सरकारी बोट घेऊन. वीस वर्षं हेच काम करतायत, टेक्सोमावरच्या प्रत्येकाला नावाने ओळखतात. मी मुद्दाम पेटीचं झाकण उघडून उभा राहिलो. घ्या, मोजा!

"किती, डेल?"

"वीस, बाई! मोजून वीस!"

"बोटीवर किती जण?"

"दोघं," मी म्हणालो.

बोटीला पाणी थपथप लागत होतं. बाईंनी बोटीकडे बघितलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग हळूच विचारलं, "दुसरा कुठाय?"

आणि मी वळलो हो. दाखवायला. हात उचलून वळलो.

रंग उडालेली ती जागा. बस.

"माणशी दहा, पोरा," बाई म्हणाल्या.

आता हे मला माहीत नव्हतं का? इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे! माणशी दहा. पण मी कधी माणशी मोजलंच नव्हतं. हातात काठी धरता यायला लागल्यापासून आमचे वीस. त्या विसात दहा त्याचे आणि दहा माझे, असं मधे कापायची वेळच आली नव्हती.

मग मी भांडलो. तुम्हाला वाटलं गप्प बसलो असेन? म्हटलं, "त्याचा परवाना चालू आहे! वर्ष संपेपर्यंत चालू आहे, घरी ड्रॉवरमध्ये आहे, आणून दाखवतो!"

"परवाना चालू आहे, डेल," बाई म्हणाल्या. "माणूस नाही."

मी म्हटलं, "दुपारी साठ माणसं जेवायला येणार आहेत त्याच्या नावाने. मी चर्चमध्ये उभा राहून सांगितलंय." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. मी तुझ्या मागच्याच बाकावर होते." आणि पावती लिहायला घेतली. दंडाची! लिहिताना नाक ओढत होत्या, पण लिहिली पूर्ण. वर म्हणतात, "दहा मला जप्त करावे लागतील. कुठले ते तू काढ."

म्हणजे बघा! आता मी पेटीत हात घालून ठरवायचं, यातले रॉइसचे कुठले. छोटे देऊन टाकले असते तर काय बिघडलं असतं? पण मोठे नेहमी त्याचे असायचे, मी कितीही डोकं आपटलं तरी. मी मोठे दहा काढून दिले. स्वतःच्या हाताने. बाईंनी सरकारी पेटीत ठेवले आणि गेल्या. मी तिथेच बसून राहिलो. हा मासा एकट्यादुकट्याचा नाही, हे व्हर्जिलने सांगितलेलं मला नुसतं काठ्यांबद्दल वाटलं होतं.

चर्चला पोचलो तर कढईत तेल तापलेलं, मक्याचं पीठ मीठ-मिरची कालवून तयार, बायका बाह्या वर करून उभ्या. वहिनीने पेटी उघडली. छोटे दहा. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या ओल्या बुटाकडे बघितलं, आणि म्हणाली, "तुकडे बारीक करू." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पहिला घाणा तेलात पडला आणि अंगणात गाडी शिरली. सरकारी. प्रुइट बाई उतरल्या, पेटी उतरवली, पास्टरांसमोर ठेवली, आणि परेडमध्ये बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "जप्त केलेला माल आहे. वाया घालवता येत नाही, कुणाच्या तरी जेवणात द्यावा लागतो. इथे सही करा." माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. पास्टरांनी सही केली, झाकण उघडलं, आणि बायकांमध्ये एकदम "अगंबाई!" झालं. काय ते मासे! दिमाखदार! वहिनी एकेक उचलून बघत होती. एकाच्या अंगावरून तिने ओला हात फिरवला, पट्ट्यांवरून, शेपटीपर्यंत, आणि मग मान वळवून मिठाचा डबा शोधायला लागली. डबा समोरच होता.

सगळ्यांनी पोटभर खाल्लं. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझी ताटली कोबीच्या कोशिंबिरीनेच भरली, कारण मी रांगेत शेवटी, आणि तोवर संपलं होतं सगळं! व्हर्जिल गुडघे सावरत माझ्या बाजूला येऊन बसला. बोटाला लागलेलं पीठ चाटत होता.

"किती मिळाले रे?"

आजवर या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं. ते ओठांपर्यंत आलंसुद्धा.

"दहा," मी म्हणालो.

"आणि ते मोठे?"

"ते रॉइसचे."

व्हर्जिलने स्वतःच्या ताटलीतला अर्धा तुकडा उचलून माझ्या कोबीवर ठेवला. मोठ्यातला होता. गोड लागला. लागणारच.

आता तुम्हीच सांगा, हा काय न्याय झाला? माझे दहा मी पाठीवर वाहून आणले, बुटात पाणी, तोंडात हलता दात. आणि हा? मेल्यानंतरसुद्धा त्याचे मासे बर्फात बसून, सरकारी गाडीतून, सही-शिक्क्यानिशी! लोक काय म्हणत घरी गेले? "रॉइससारखा मासा पुन्हा खायला मिळणार नाही." मासे रॉइसचे, नाव रॉइसचं... आणि दंड तेवढा माझा!