डिंक घातलेल्या भेगा

सूनबाई: अहो बाबा, घासून घासून माझा खांदा निखळायची वेळ आली, पण तुमची ही भेग काही जागची हलत नाही. घातलंय तरी काय हिच्यात?

मास्तर: कोळसा, काजळी आणि थोडा डिंक.

सूनबाई: डिंक!

मास्तर: मग? नुसता कोळसा चार दिवसांत झडतो. काढायचं तर टिकाऊ काढावं. उगाच नाही जन्मभर चित्रकला शिकवली.

सूनबाई: चित्र नव्हतं हो ते. खोटा पुरावा होता. फोटो काढायचा आणि पुसून टाकायचा, एवढंच काम होतं.

मास्तर: पुसायचं ठरलं होतं ना. समितीच्या बैठकीत रीतसर ठरलं होतं. पुसायचं कोणी, यावर एकमत झालं नाही.

सूनबाई: म्हणून आता मी पुसतेय. शाळेची मुख्याध्यापिका, सकाळी सकाळी पदर खोचून, सासऱ्यांनी काढलेल्या भेगा धुतेय. माझ्या आईला कळलं तर म्हणेल, चांगलं स्थळ बघितलं होतं हो.

मास्तर: आईला सांग, घराण्यात कला आहे.

सूनबाई: बादली इकडे द्या. आणि त्या शिडीवर चढू नका, तुमच्या गुडघ्यांना समितीने अजून मंजुरी दिलेली नाही.

मास्तर: चढलो. आता बोलून काय उपयोग. बांधकाम खात्याचे साहेब कधी येणार म्हणालीस?

सूनबाई: येतीलच आता. दहा म्हणाले होते, म्हणजे अकरा. त्यांना भिंती धडधाकट दिसल्या तर पाडायचा आदेश मागे. नाही दिसल्या तर सोमवारपासून कुदळी. मधलं काही नाही, असं फोनवर स्पष्ट सांगितलंय.

मास्तर: सरकारी माणूस आणि स्पष्ट बोलला? काहीतरी गडबड आहे.

सूनबाई: गडबड त्यांच्याकडे नाही, बाबा. गडबड आपण केली. एवढी वर्षं तुम्ही लोक शाळेची ही जुनी इमारत वाचवताय. इथे दुकानांचे गाळे काढायचे होते, ते तुम्ही हाणून पाडलं. मान्य. त्याबद्दल तुमच्या पाया पडते.

मास्तर: आधी हात धू.

सूनबाई: पण गाळे गेले आणि पुढे काय केलंत? समितीचं नाव बचाव समिती असावं की जतन समिती, यावर भांडलात.

मास्तर: तो तत्त्वाचा प्रश्न होता.

सूनबाई: हो ना. म्हणून दोन समित्या झाल्या. एकीने बचाव केला, दुसरीने जतन केलं, आणि छप्पर दोघींच्या नाकावर टिच्चून गळत राहिलं.

मास्तर: अर्ज तर करतच होतो की दुरुस्तीचे. दर वर्षी. आणि दर वर्षी उत्तर यायचं, इमारत सुस्थितीत आहे, दुरुस्तीची आवश्यकता नाही. माझ्या डोक्यावर टपटप पाणी पडतंय आणि मी छत्री धरून वाचतोय, इमारत सुस्थितीत आहे! बघायला एक माणूस आला नाही गं कधी. टेबलावर बसून सुस्थिती.

सूनबाई: मग तुम्ही म्हणालात, सुस्थिती काय, दाखवतोच त्यांना दुःस्थिती.

मास्तर: मी नाही म्हणालो. एकमताने ठरलं. समितीच्या इतिहासातलं ते एकमेव एकमत.

सूनबाई: आणि ते नेमकं गाढवपणावर झालं. एवढ्या सुंदर भेगा काढल्यात, एवढ्या सुंदर, की फोटो बघून खात्याला दुरुस्ती सुचलीच नाही. म्हणाले, पाडाच.

मास्तर: याला कलेची दाद म्हणतात.

सूनबाई: हसू नका. मला रडायला येतंय आणि तुम्ही हसताय.

मास्तर: मी तरी दुसरं काय करू? सूनबाई, मी याच हॉलमध्ये शिकलो. इथेच शिकवलं. तुझी सासू मला पहिल्यांदा दिसली ती त्या दारात, नवी मास्तरीण म्हणून, चप्पल तुटलेली, हातात धरून उभी. ही वास्तू माझ्या हाताने पाडली जातेय, माझ्या कोळशाने. रात्री झोप लागत नाही मला. म्हणून दिवसा हसतो.

सूनबाई: ओलं फडकं घ्या. कोरड्याने नाही निघत ते.

मास्तर: ही निघाली बघ. ही माझी पहिली. खिडकीपासून तुळईपर्यंत कशी नेलीये बघ, मध्ये एक गिरकी घेऊन. नदी वाटते.

सूनबाई: नदी बादलीत आली. पुढची घ्या.

मास्तर: ही दुसरी. हिला दोन फाटे. फाटा काढणं अवघड असतं, लोकांना वाटतं काय, नुसती रेघ ओढायची.

सूनबाई: बाबा, आदेश आल्यापासून पोरं पत्र्याच्या खोल्यांत भाजून निघताहेत. परवा पहिलीतल्या एकीला चक्कर आली. पालक एकेक करून दाखले न्यायला येताहेत. हा हॉल परत मिळाला नाही ना, तर या वर्षी शाळाच बंद होईल. इमारत पडली तर शाळाही गेली. एवढंच डोक्यात ठेवा आणि फाट्यांचं कौतुक नंतर करा.

मास्तर: करतोय, करतोय. झालंच. ही तिसरी... ही काय आहे?

सूनबाई: कुठली?

मास्तर: ही, कमानीच्या डाव्या अंगाला. फडकं मारतोय, मारतोय, रंगच येत नाही.

सूनबाई: डिंक जास्त झाला असेल. तुमच्या टिकाऊ कामाला दंडवत. जोर लावा.

मास्तर: जोर लावतोच आहे. नवं फडकं बघ, पांढरंच्या पांढरं. आणि ही माझी वाटत नाही.

सूनबाई: आता भेगांची सही तपासणार का?

मास्तर: अगं हिला डौल नाही. वळण नाही. कमानीच्या कोपऱ्यातून निघाली ती बेंगरूळपणे थेट वर गेली. सहावीतल्या पोराने अशी काढली असती तर मी पुन्हा काढायला लावली असती.

सूनबाई: बाबा, खाली या. मला बघू द्या.

मास्तर: थांब. सूनबाई... नख आत गेलं.

सूनबाई: काय?

मास्तर: नख आत गेलं माझं. अख्खं.

सूनबाई: अरे देवा.

मास्तर: वारा लागतोय बोटाला. बाहेरचा.

सूनबाई: खाली या आधी. या. हळू. बसा इथे बाकावर.

मास्तर: खोट्या भेगा काढताना मी इथे हात फिरवला होता. तेव्हा काही नव्हतं. एवढ्या दिवसांत पडली. आपण खोट्या भेगांवर बैठका घेत होतो तेव्हा पडली.

सूनबाई: पाणी देऊ का?

मास्तर: पाणी नको. साहेबांना काय सांगायचं ते सांग.

सूनबाई: काही सांगायचं नाही.

मास्तर: म्हणजे?

सूनबाई: म्हणजे दाखवायची नाही. आज नाही. आज आदेश मागे घ्यायला लावू. एकदा का कागदावर आलं की इमारत चांगली आहे, मग शांतपणे माणूस बोलावून ही बुजवून घेऊ. तोवर तिसरीचा वर्ग इकडे नको, त्या टोकाला बसवीन.

मास्तर: तू समितीत शोभशील.

सूनबाई: टोमणे नंतर मारा. ऑफिसातून मोठा फोटो आणते. इथे खिळा आहे, त्यावर लावू. बरोबर झाकली जाईल.

मास्तर: कुठला फोटो?

सूनबाई: पहिल्या अध्यक्षांचा. तोच सगळ्यात रुंद आहे.

मास्तर: अध्यक्ष होतेच रुंद. गेले बिचारे इमारत वाचवता वाचवता. दुसरेही गेले. इमारत मात्र टुणटुणीत, असं मी दोघांच्याही शोकसभेत बोललो होतो.

(ती फोटो आणते, दोघे मिळून तो भिंतीवर लावतात. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज.)

सूनबाई: सरळ आहे?

मास्तर: डावीकडे जरा वर. हं. आयुष्यात पहिल्यांदा अध्यक्षांनी काहीतरी झाकण्याचं काम उघडपणे केलं.

सूनबाई: हळू बोला, आले. या साहेब, या. नमस्कार. मी मुख्याध्यापिका. हे आमचे मास्तर, समितीचे जुने सभासद. माझे सासरे.

साहेब: नमस्कार. जरा घाईत आहे हं मी. यानंतर अजून दोन ठिकाणी जायचंय. तुमच्या अर्जासोबतच्या फोटोतल्या भेगा म्हणजे कुठल्या? मला तर एकही दिसत नाही.

सूनबाई: त्या... त्यांचं काम करून घेतलं, साहेब.

साहेब: बुजवल्या? पण गिलावा कुठे नवा दिसत नाही.

मास्तर: भेगा बादलीत आहेत, साहेब.

सूनबाई: बाबा!

साहेब: कशात?

मास्तर: ती बादली बघा. काळं पाणी. मी काढल्या होत्या, कोळशाने. दुरुस्तीचा अर्ज कोणी वाचेना, म्हटलं चित्रं तरी बघतील. बघितलीत. आभार.

साहेब: म्हणजे... म्हणजे आम्ही पाडायचा आदेश काढला तो कोळशावर?

मास्तर: आणि डिंकावर. डिंकाला विसरू नका.

साहेब: कमाल आहे. आमच्याकडे तर मोठी चर्चा झाली हो त्या फोटोंवर. एक वरिष्ठ म्हणाले, अशी भेग आपण कारकिर्दीत पाहिली नाही.

मास्तर: कुठून पाहणार?

सूनबाई: साहेब, चूक झाली आमची. पण अर्ज करून करून लोक थकले होते. मुलं पत्र्याखाली बसतात. तुम्ही रागावू नका.

साहेब: रागावतो कशाला? उलट सुटलो. पाडापाडी म्हटली की आमच्यामागे शंभर लचांडं. कोर्ट काय, पेपरवाले काय. भेगा नाहीत म्हणजे विषय मिटला. इमारत सुस्थितीत, असा शेरा मारतो, आदेश आपोआप रद्द. उद्यापासून बसवा पोरांना. पेन आहे का हो? माझं गाडीत राहिलं.

सूनबाई: आहे, आहे. हे घ्या.

साहेब: या फोटोतले गृहस्थ कोण? भारदस्त आहेत.

सूनबाई: आमचे पहिले अध्यक्ष.

साहेब: वा. वारसा आहे म्हणायचा. टेबल आहे का कुठे? नाहीतर राहू दे, गुडघ्यावर धरून लिहितो.

मास्तर: साहेब, एकदा हॉलमध्ये फिरून तर या.

साहेब: फिरायचं काय त्यात? दिसतंय की. भिंती बघा कशा खणखणीत आहेत. जुनं बांधकाम ते जुनं बांधकाम.

मास्तर: वर बघितलंत?

साहेब: बघितलं की येताना. बाई, तारीख काय आज?

सूनबाई: बाबा, साहेबांना लिहू द्या ना.

मास्तर: लिहू देतोय. सूनबाई, तिसरीचा वर्ग त्या टोकाला बसवशील. पण मधल्या सुट्टीत पोरं काय त्या टोकालाच खेळतील?

सूनबाई: बाबा, नका. हात जोडते. एक सही बाकी आहे.

मास्तर: मला कळतं गं. तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ही पाडलेली मला बघवणार नाही. सोमवारी मी घरातून बाहेर पडणार नाही, खिडकीसुद्धा उघडणार नाही. साहेब, थांबा जरा. शेरा मारू नका. अध्यक्षांना खाली घेतो.

साहेब: कशाला? राहू द्या की, शोभतात. अहो, पडाल! बाई, धरा त्यांना.

सूनबाई: धरलंय. द्या तो फोटो माझ्याकडे. द्या, बाबा.

साहेब: ओहो. ही पुसायची राहिली वाटतं?

मास्तर: ही पुसली, साहेब. खूप पुसली. ही मी काढलेली नाही. बोट घालून बघा.

साहेब: अरे बापरे.

मास्तर: कमानीपासून वर गेलीये. मी खोट्या काढल्या तेव्हा नव्हती, की होती आणि कोणी बघितली नाही, मला माहीत नाही.

साहेब: ही आरपार आहे. बाई, इथून आधी बाजूला व्हा. मास्तर, तुम्ही पण. वरची तुळई हिच्यावरच टेकलेली दिसते. टेकू लावल्याशिवाय इथे पाऊल ठेवायचं नाही कोणी.

सूनबाई: मग आता आदेश... पाडणार का हो?

साहेब: आता नीट बघावं लागेल सगळं. छपरावर जावं लागेल, पाया बघावा लागेल. वाचेल की नाही, ते बघितल्याशिवाय नाही सांगता येणार. आज तर नाहीच.

सूनबाई: म्हणजे कळत नाही अजून.

साहेब: नाही कळत. पण मास्तर, एक विचारू? फोटो तर झाकून बसला होता. मी सही करतच होतो. मग काढलात कशाला तो?

मास्तर: तुम्ही सही करतच होतात ना, साहेब. तीच तर भीती वाटली.